गाडीपेक्षा टायर थोरला

"मॅडम, गाडी जरा साइडला घ्या."

२०२३ चा मे महिना. सकाळचे सात वाजलेले. आमच्या कारंज्याबाहेर समृद्धी महामार्गावर चढायची जी एन्ट्री आहे, तिथे खाकी कपड्यातले एक साहेब गाड्या थांबवत होते. मागच्या सीटवर उशीला टेकून हे बसलेले. बायपास होऊन सहाच आठवडे झाले होते. अकरा वाजता नागपूरला डॉक्टरांची वेळ. आणि स्टिअरिंगवर चक्क मी!

लायसन्स माझ्याकडे होतं, नाही असं नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी ड्रायव्हिंग स्कूलला जाऊन रीतसर काढलेलं. पण माझं ड्रायव्हिंग म्हणजे घर ते शाळा, शाळा ते बाजार, फार तर गुरुमंदिरापर्यंत. गाडी हे ह्यांचं खातं होतं. पेट्रोल, हवा, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स सगळं तेच बघायचे. घरातला गॅस संपत आला की मला नुसत्या ज्योतीवरून कळतं, पण गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते मला माहीत नव्हतं.

मी पर्स उघडून कागदपत्रं काढायला लागले, तर साहेब म्हणाले, "कागद राहू द्या, खाली उतरा." ते पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि टॉर्चचा झोत टायरवर टाकला. मला तर टायर अगदी ठीक दिसत होता. नक्षी खोल, काळाभोर. मग त्यांनी टायरच्या बाजूच्या भिंतीवर बोट फिरवलं. उन्हाळ्यात आमच्या ऋषी तलावाच्या कडेचा गाळ सुकला की त्याला बारीक बारीक भेगा पडतात ना, अगदी तशा भेगा गोल फिरलेल्या.

"आणि हे वाचा," ते म्हणाले. एका लंबगोलात चार आकडे होते, २३१६.

"म्हणजे?"

"२०१६ सालचा तेविसावा आठवडा. तेव्हा बनलाय हा टायर. गाडी कधी घेतली?"

"२०१८ च्या जानेवारीत."

"मग गाडीपेक्षा टायर थोरला आहे, मॅडम."

मागचे दोन टायर गाडीबरोबरचेच होते, पण त्यांची नक्षी जवळजवळ संपलेली. साहेबांनी मान हलवली. मी हात जोडले. म्हटलं, पेशंट आहे हो गाडीत, आजच्या दिवस जाऊ द्या. ते शांतपणे म्हणाले, "पेशंट आहे म्हणूनच नाही म्हणतो."

खरं सांगते, त्या क्षणी त्यांचा इतका राग आला! चार गाड्यांसमोर यू-टर्न मारून परत फिरले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मागून हे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दमले असतील.

त्या दिवसांत समृद्धीवर टायरची ही तपासणी सुरू झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. आम्हा कारंजेकरांना तर लॉटरीच लागल्यासारखं झालं होतं. शकुंतलेच्या डब्यात बसून रमतगमत मूर्तिजापूरला गेलेली आमची पिढी, आणि आता गावाच्या उशाशी ताशी १२० चा रस्ता! पण लागोपाठ अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्यांत 'टायर फुटून' हे शब्द वारंवार असायचे. म्हणून परिवहन विभागाने एन्ट्रीलाच टायर पाहून खराब टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. मी हे पेपरात वाचलं होतं. पण ते ट्रकवाल्यांसाठी असेल अशी माझी समजूत.

गावात परत आले तर नुकतंच एक पंक्चरचं दुकान उघडत होतं. दुकानवाल्या दादांची मुलगी आमच्याच शाळेत. त्यांना म्हटलं, "दादा, आम्ही जुन्या रोडने अमरावतीवरून जातो नागपूरला. तेवढी हवा पाहून द्या." त्यांनी टायर पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, त्या रोडनं नाई जाऊ देलं, तं या रोडनं टायर नवा होते का?"

काय बोलणार? शेवटी दिराच्या मित्राची गाडी मिळाली, तोच चालवत घेऊन गेला. डॉक्टरांकडे पोचलो दुपारी दोन वाजता. त्यांनी पाहिलं, पण आधी ओरडले.

रात्री घरी आल्यावर मी गाडीचा पुढचा कप्पा उपसला. टायर कुठून आणले, पावती कुठे आहे, काहीतरी सापडेल म्हणून. सापडली एक पिवळी कच्ची चिठ्ठी. नाव नाही, नंबर नाही, नुसतं 'दोन टायर' आणि रक्कम. त्याखाली कंपनीचं सर्व्हिस बुक. पहिल्या वर्षाची पानं शिक्क्यांनी भरलेली, पुढची कोरी. आणि त्यात घडी घालून ठेवलेलं एक बिल, २०१९ च्या उन्हाळ्यातलं. एसीचा कॉम्प्रेसर बदलल्याचं, साडेचौदा हजारांचं. वर पेनाने लिहिलेलं, 'वॉरंटी रिजेक्ट'.

दीड वर्षाच्या गाडीचा कॉम्प्रेसर जातो, वॉरंटी असूनही पैसे भरावे लागतात आणि घरात मला पत्ता नाही! बिल घेऊन मी ह्यांच्या पलंगाशी गेले. आजारी माणसाशी भांडायचं नाही असं ठरवून गेले होते, पण चेहऱ्यावर दिसलं असणार.

बराच वेळ गप्प राहून हे म्हणाले, "दुसऱ्या वर्षाची सर्व्हिसिंग इथेच ओळखीच्या मेकॅनिककडे केली होती. दोन हजार वाचले म्हणून खूश होतो. शोरूमवाला म्हणाला, आमच्याकडे रेकॉर्ड नाही, वॉरंटी बसत नाही. दिले पैसे."

"मला का नाही सांगितलं? मला गाडीतलं कळत नाही म्हणून?"

"नाही गं. मला कळत नाही, हे तुला कळू नये म्हणून."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. एवढं खरं वाक्य मी ह्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल. बॉनेट उघडून, कमरेवर हात ठेवून हे आत बघत उभे राहायचे ना, तेव्हा नुसतेच बघत असायचे. टायरही तसेच. दुकानदार म्हणाला 'नवाकोरा माल', नक्षी तर खोलच होती, दोन टायरमागे दीड हजार सुटत होते. विचारलं तर अडाणी ठरू म्हणून विचारलं नाही.

मग मी शिकायला बसले. सुट्टी होती, आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून करायला काहीतरी हवंच होतं. गाडीचं मॅन्युअल काढलं. पाच वर्षांत ते प्लॅस्टिकच्या बाहेर आलं नव्हतं! नवा मिक्सर आणला की आपण निदान पुस्तिका चाळतो तरी.

टायरच्या अंगावर त्याची जन्मपत्रिकाच लिहिलेली असते हे मला तेव्हा कळलं. आमच्या टायरवर होतं, १७५/६५ आर १४ ८२ टी. १७५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १४ इंचाची रिम. ८२ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरने ४७५ किलो पेलायचं. आणि टी म्हणजे ताशी १९० पर्यंतचा वेग सोसण्याची क्षमता. ही अर्थात नव्या, धडधाकट, पुरेशी हवा भरलेल्या टायरची. चार आकड्यांची तारीख बहुतेक वेळा एकाच बाजूला असते, आणि ती बाजू आतल्या अंगाला गेली तर वाकून, टॉर्च मारून वाचावी लागते. आपण मसाल्याच्या पुड्यावरची तारीख पाहिल्याशिवाय तो पिशवीत टाकत नाही. ज्याच्या भरवशावर घरदार बसवून न्यायचं, त्याची तारीख मात्र कोणी पाहत नाही.

नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरली असं समजायचं. मोटारीसाठी कायद्याने तेवढी खोली लागतेच. हे झालं झिजेचं. पण वापरला नाही तरी रबर म्हातारं होतं, कडक होतं, त्याला भेगा जातात. टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असो, काढून टाका. आमच्या वऱ्हाडातलं ऊन पाहता दहाची वाट कशाला पाहायची, असं माझं मत. आणि हो, स्टेपनीही यातच आली. आमची स्टेपनी एकदाही रस्त्याला लागली नव्हती म्हणून 'नवीच' होती, प्रत्यक्षात गाडीइतकीच जुनी.

हवेबद्दल तर माझा सगळाच समज उलटा निघाला. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी म्हणजे टायर फुटत नाही, असं आमच्याकडे सर्रास सांगतात. खरं तर कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, जास्त वाकतो आणि त्यानेच जास्त तापतो. मी कागदावर हिशोब मांडला. आमच्या गाडीचं चाक एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर जातं. ताशी १२० ने गेलं की मिनिटाला हजाराच्या वर फेरे! म्हणजे मिनिटाला हजार वेळा ती भेगाळलेली भिंत वाकणार आणि सरळ होणार, तेही तास दोन तास न थांबता. गावातल्या गावात जो टायर दोन वर्षं निमूट चालतो, तो तिथे का दगा देतो, ते मला तेव्हा उमगलं. हवा किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि ती मोजायची सकाळी, टायर थंड असताना. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यासाठी अडून बसायचं कारण नाही.

चारही टायर बदलायचे म्हणजे सतरा-अठरा हजार. ऑपरेशननंतर घरात पैशाची काय परिस्थिती असते ते वेगळं सांगायला नको. माझी भिशी लागली होती, शिलाई मशीनला मोटर आणि एक कपाट असा बेत होता. ते पैसे टायरला गेले. दुकानात मी आधी तारीख वाचली. दुकानदाराने काढलेले पहिले दोन टायर अडीच वर्षांपूर्वीचे होते. म्हटलं, दुसरे दाखवा. तो हसला आणि आतून चार महिन्यांपूर्वीचे घेऊन आला. पक्कं बिल मागितलं, त्यावर प्रत्येक टायरचा सिरियल नंबर लिहून घेतला.

सिरियल नंबर कशासाठी? तर वॉरंटीसाठी. यातली गंमत मला फार उशिरा कळली. गाडीची वॉरंटी म्हणजे सगळ्या गाडीची वॉरंटी नव्हे. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरचं रबर ही झिजणारी माणसं, त्यांना वॉरंटीत सहसा जागाच नाही. आणि टायरची वॉरंटी बनावटीच्या दोषापुरती. खड्ड्यात आपटून फुगा आला, कापला गेला, कमी हवेवर चालवून कडा झिजल्या, तर ते आपल्या माथी. दोष मान्य झाला तरी पूर्ण पैसे मिळत नाहीत. नक्षी किती शिल्लक आहे त्या प्रमाणात मिळतात. बिल नसेल तर मुदत टायर बनल्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे आमच्या त्या पिवळ्या चिठ्ठीवाल्या टायरची मुदत, आम्ही विकत घेतले तेव्हाच निम्मी-अधिक उडून गेलेली!

तरी मी ती चिठ्ठी घेऊन त्या दुकानात गेलेच. मालक म्हणाला, "हे आमचं अक्षरच नाही." परत फिरले. एकदा दुखतंय तर सगळंच दुखू दे म्हणून कॉम्प्रेसरचंही विचारून पाहिलं. आमच्या शाळेतल्या एका मॅडमचे यजमान वकील आहेत. ते म्हणाले, ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षं, ती २०२१ मध्येच गेली. त्या वेळी 'वॉरंटी बसत नाही' हे लेखी मागायला हवं होतं. इंजिन ऑइल बाहेर बदललं याचा एसीच्या कॉम्प्रेसरशी काय संबंध, हा प्रश्न निदान विचारता तरी आला असता. जुलै २०२० पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आहे, त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे आम्हाला वाशिमला. शोरूम ज्या गावात असेल तिथे हेलपाटे घालायला नकोत. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करून पाहायचा. मी हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवला आहे, गॅसच्या नंबरशेजारी.

शोरूममधला पहिला अनुभव सांगायलाच हवा. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सर नाही आले?" म्हटलं, "सर घरी वरण-भात खातायत. तुम्ही जॉबकार्ड दाखवा." त्यात थ्रॉटल क्लिनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग अशी लांबलचक यादी. मॅन्युअलमधलं वेळापत्रकाचं पान मी झेरॉक्स करून नेलं होतं. म्हटलं, यात जे लिहिलंय तेवढं करा, बाकीचं का लागतं ते मला गाडीपाशी येऊन दाखवा. दाखवायला कोणी आलं नाही, बिल मात्र तीन हजारांनी उतरलं. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतातच, हेही तिथेच कळलं. मला आपलं वाटायचं, फ्री म्हणजे फ्री!

"काकू, बायका आणि गाडी..." असं आमचा एक भाचा नेहमी सुरू करतो. त्याला मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली. मोटारगाडी बनवणाऱ्या कार्ल बेंझची ही बायको. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती ही नवी गाडी काढून माहेरी निघाली. मानहाइम ते फोर्झहाइम, शंभर किलोमीटरच्या वर. इंधनाची नळी तुंबली तर तिने टोपीच्या पिनेने साफ केली, उघड्या पडलेल्या वायरला मोज्याचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर वाटेतल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ब्रेक लायनर म्हणतो, त्याची ती सुरुवात. गाडीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली पहिली दुरुस्ती दोन्ही बाईचीच. भाचा म्हणाला, "तेव्हा आरटीओ नव्हतं म्हणून."

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच एन्ट्रीवर गेलो. ते साहेब नव्हते, दुसरेच कोणी होते. त्यांनी टायर पाहून हात केला. मला उगाच वाटलं, ते असायला हवे होते. मी शंभरच्या वर गेले नाही. ह्यांना मागे डोळा लागला होता.

मग १ जुलैची ती पहाट. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली, २५ जण गेले. पहिल्या दिवशी सगळीकडे टायर फुटल्याचंच बोललं जात होतं. नंतर तपास करणाऱ्यांनी टायर फुटल्याचा पुरावा दिसत नाही असं सांगितलं. टायर चांगले असले म्हणजे झालं, असं नाही. डोळ्यावरची झोप कुठल्या आकड्यात लिहिलेली नसते. तेव्हापासून मी दर तासाने थांबते. ह्यांना पाय मोकळे करायचे असतात आणि मला चहा. समृद्धी आता जून २०२५ पासून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत, ७०१ किलोमीटर पूर्ण झाला आहे. लेक म्हणते, आई, गाडी घेऊन मुंबईला ये. बघू.

एक मात्र जमलं. २०२३ च्याच दिवाळीत गाडीला नवी बॅटरी घेतली होती. ती पुढच्या उन्हाळ्याअखेरीलाच बसली. या वेळी कार्डावर तारीख, शिक्का, सिरियल नंबर सगळं जागच्या जागी. दुकानदाराने चार्जिंगला लावून दोन दिवस तपासली आणि तिसऱ्या दिवशी बदलून दिली. एक रुपया लागला नाही. हे कार्ड हातात घेऊन असे बघत होते, जसा काही मुलीचा निकालच लागलाय.

हे आता बरे आहेत, गाडीही चालवतात. पण दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी हवेचं मीटर घेऊन चाकांशी मीच बसते आणि हे वहीत आकडे लिहून घेतात. गल्लीतल्या दोघीतिघी आपापल्या गाड्यांच्या तारखा वाचायला मला बोलावून गेल्या. एकीच्या स्टेपनीवर २०१३ निघालं!

येत्या रविवारी अमरावतीला जायचं आहे. नणदेचा मुलगा सेकंडहँड गाडी घेतोय. नणदेने फोनवर निरोप दिलाय, "वहिनी, तू आल्याशिवाय बयाणा देऊ देत नाही मी त्याला. आणि येताना तुझी ती बॅटरी आण."

मी विचारलं, "कोणती, गाडीची की हातातली?"

"अगं, टायर वाचायची!"